तीन हजार पौंडांचं इंजिन

१९६३ साली ब्रिटिश रेल्वेने एक चाळीस वर्षांचं वाफेचं इंजिन ३,००० पौंडांना विकलं. २००४ मध्ये तेच इंजिन २३ लाख पौंडांना विकत घेतलं गेलं आणि त्यानंतरच्या एका दुरुस्तीवर ४२ लाख पौंड गेले. मधल्या काळात या इंजिनापायी एका मालकाचं दिवाळं वाजलं, दुसऱ्याची कंपनी बुडाली. इंजिनाचं नाव ‘फ्लाइंग स्कॉट्समन’.

जुनं यंत्र जतन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, आणि त्याचा खर्च कुणी, किती वर्षं उचलायचा, हे तपासायला याच्याइतकं बोलकं प्रकरण मला माहीत नाही. कारण यात सगळे प्रयोग होऊन गेले आहेत. पदरमोड करणारा हौशी झाला, गडगंज बांधकाम व्यावसायिक झाला, शेअर विकून पैसा उभारणारी कंपनी झाली, शेवटी राष्ट्रीय संग्रहालय झालं. प्रत्येकाने घेताना इंजिनाची किंमत विचारली. ते चालतं ठेवायची किंमत काय, हा हिशेब चौघांपैकी एकालाच त्यातल्या त्यात जमला.

आधी नावाचा घोळ मिटवू. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून सकाळी दहाला एडिनबरोला जाणारी गाडी १८६२ पासून धावत होती. पुढे तिचंच अधिकृत नाव ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ झालं. डेक्कन क्वीनला रोज कुठलंही इंजिन लागलं तरी गाडी डेक्कन क्वीनच, तसंच ते. १९२४ मध्ये मात्र रेल्वेने हेच गाडीचं नाव एका इंजिनालाही दिलं. तेव्हापासून सामान्य माणूस दोन्हींत गल्लत करतो, आणि रेल्वेला ती गल्लत हवीच होती.

इंजिन डॉनकास्टरच्या कारखान्यातून फेब्रुवारी १९२३ मध्ये बाहेर पडलं. क्रमांक १४७२, खर्च ७,९४४ पौंड. रचना नायजेल ग्रेस्ली यांची, वर्ग ए-१: पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन. मोठं चाक सहा फूट आठ इंच, म्हणजे उंच माणसाच्याही डोक्यावरून जाणारं. वर्षभरातच त्याला ४४७२ हा क्रमांक आणि नाव मिळालं, आणि वेम्ब्लीच्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनात ते मांडलं गेलं. तिथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं ‘केरफिली कॅसल’ हे इंजिनही होतं. ते आकाराने लहान, पण ताकदीत आपणच वरचढ असल्याचा ग्रेट वेस्टर्नचा दावा. लोकांना ते हास्यास्पद वाटलं. १९२५ मध्ये दोन्ही रेल्वेंनी एकमेकींच्या मार्गावर आपापली इंजिनं चालवून बघितली. त्या चाचणीत या दोघांऐवजी त्यांची भावंडं उतरली होती. लहान इंजिन कमी कोळशात तेच काम करतं, हे तिथे दिसलं.

ग्रेस्लींचा मोठेपणा असा, की त्यांनी निमूटपणे धडा घेतला. दोष बॉयलरमध्ये नव्हता, व्हॉल्व्हमध्ये होता. वाफ सिलिंडरमध्ये शिरण्याची आणि बाहेर पडण्याची वाट पुरेशी उघडत नव्हती. व्हॉल्व्हची सरक वाढवल्यावर वाफ थोडी घेऊन ती सिलिंडरमध्ये नीट प्रसरण पावू देणं जमू लागलं, आणि मैलामागे जवळजवळ ५० पौंड लागणारा कोळसा ४० पौंडांच्या खाली आला. पुढच्या काही वर्षांत सगळ्या ए-१ इंजिनांना हा बदल केला गेला. या एका दुरुस्तीमुळे लंडन ते एडिनबरो न थांबता जाण्याची गोष्ट शक्यतेच्या टप्प्यात आली.

१ मे १९२८ रोजी ते घडलं. ३९२ मैल, मध्ये एकही थांबा नाही. वाचताना वेगाचा पराक्रम वाटतो, पण त्यात वेग नव्हताच. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या प्रतिस्पर्धी रेल्वेंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जीवघेण्या शर्यती केल्या होत्या, आणि नंतर आपसांत ठरवून टाकलं होतं की सव्वाआठ तासांपेक्षा लवकर कुणीच पोचवायचं नाही. हा करार १९२८ मध्येही पाळला जात होता. लवकर पोचायचं नाही, मग मिरवायचं कशात? न थांबण्यात. प्रतिस्पर्धी कंपनीने तर चार दिवस आधीच आपली एक गाडी लंडनहून एडिनबरोला विनाथांबा नेऊन या समारंभातली हवा काढली होती. तरी आज लोकांच्या लक्षात राहिलाय तो स्कॉट्समनच. जाहिरात कशी करावी हे त्या रेल्वेला कळत होतं.

यातली खरी करामत टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या गाड्यात, होती. आठ तास एकाच फायरमनने कोळसा मारणं माणसाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून ड्रायव्हर-फायरमनच्या दोन जोड्या लागणार. पण गाडी थांबणार नाही, तर दुसरी जोडी इंजिनावर चढणार कशी? ग्रेस्लींनी टेंडरच्या उजव्या अंगाला, कोळसा-पाण्याच्या टाकीला लागून, आरपार बोळ काढला. रुंदी १८ इंच, उंची पाच फूट. अर्ध्या वाटेवर दुसरी जोडी पहिल्या डब्यातून निघायची, वाकून, खांदे तिरके करून त्या बोळातून इंजिनावर यायची. पहिली जोडी त्याच वाटेने मागे जाऊन बसायची. हलत्या गाडीत, अंधाऱ्या बोळात, एका बाजूला हजारो लिटर पाणी. पाणीही वाटेतच भरलं जायचं: काही ठिकाणी रुळांच्या मधोमध लांबलचक पन्हळी होत्या, त्यांवरून जाताना टेंडरखालचा पंजा खाली सोडला की पाणी वेगानेच वर चढायचं. जरा उशीर झाला की पंजा पन्हळीच्या टोकाला आपटायचा धोका.

३० नोव्हेंबर १९३४ ला मात्र खराखुरा वेग दिसला. जर्मनीत डिझेलवर चालणाऱ्या वेगवान गाड्या सुरू झाल्या होत्या. वाफेला ते जमेल का, हे बघायला लीड्स-लंडन चाचणी झाली. परतीच्या फेरीत, स्टोकच्या उतारावर, मोजणीच्या डब्यातल्या यंत्राने ताशी १०० मैलांची नोंद केली. निर्विवाद नोंद असलेलं हे पहिलं वाफेचं शतक. पण गंमत अशी, की ज्या चाचणीने स्कॉट्समनला अमर केलं तिनेच त्याला मागे ढकललं. तिच्या निकालावरून पुढच्याच वर्षी ग्रेस्लींची निमुळत्या आकाराची ए-४ इंजिनं आली आणि मानाच्या गाड्या त्यांच्याकडे गेल्या.

म्हणजे झगमगाटाची वर्षं बारा. उरलेली अठ्ठावीस वर्षं हे इंजिन इतर अनेकांसारखंच राबलं. युद्धात लांबच लांब गाड्या ओढल्या. ग्रेस्लींच्या रचनेचा कच्चा दुवा तेव्हा उघडा पडला. तीन सिलिंडर, दोन बाहेर आणि एक मध्ये. मधल्याला स्वतंत्र यंत्रणा देण्याऐवजी बाहेरच्या दोन व्हॉल्व्हची हालचाल दांड्यांनी जोडून मधला व्हॉल्व्ह हलवायचा. कागदावर सुरेख. पण दांड्यांच्या खिळा झिजल्या की प्रत्येक सांध्यातली ढिलाई एकमेकींत मिळत मधल्या व्हॉल्व्हपर्यंत पोचते. वेगात तो व्हॉल्व्ह गरजेपेक्षा जास्त सरकतो, मधला सिलिंडर वाजवीपेक्षा जास्त काम करतो, आणि त्याच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग तापून वितळतं. शांततेच्या काळात डॉनकास्टरचे फिटर वेळच्या वेळी खिळा बदलायचे. युद्धात माणसंही नव्हती आणि वेळही नव्हता.

१९४७ च्या सुरुवातीला जास्त दाबाचा बॉयलर बसवून त्याचं ए-३ झालं. चौरस इंचाला १८० पौंडांचा दाब २२० झाला. राष्ट्रीयीकरणानंतर क्रमांक ६०१०३. पन्नाशीच्या दशकात ते लेस्टरला होतं, ग्रँथमला होतं, मिळेल ती गाडी ओढत होतं. १९५९ च्या आसपास दुहेरी धुराडं बसलं आणि आयुष्यात सगळ्यांत चांगलं ते तेव्हा चाललं. पण त्या मोकळ्या श्वासामुळे धूर वर न जाता ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर लोळू लागला, म्हणून १९६१ च्या अखेरीस पुढच्या बाजूंना पत्र्याचे पंख लावावे लागले. १४ जानेवारी १९६३ ला शेवटची फेरी झाली. तोवर वीस लाख मैल ओलांडले होते.

इथून जतनाची गोष्ट सुरू होते, आणि पहिलाच प्रश्न अडचणीचा आहे. जतन करायचं ते काय? डॉनकास्टरला मोठ्या दुरुस्तीला इंजिनं यायची तेव्हा बॉयलर उतरवून दुसरा तयार असलेला चढवला जायचा. बॉयलरच्या दुरुस्तीला वेळ लागतो, तोवर इंजिन अडकवून ठेवणं परवडत नाही. साहजिकच स्कॉट्समनने कितीतरी बॉयलर बदलले. आज जो आहे तो मुळात ‘सॅमन ट्राउट’ नावाच्या भावंडावरचा. सिलिंडर बदलले, चाकांच्या धावा बदलल्या, फ्रेमचे तुकडे बदलले. १९२३ चं मूळ लोखंड त्यात किती, हा वाद इंग्लंडमध्ये एरंडाच्या गुऱ्हाळासारखा चालतो. माझ्या मते तो वाद निरर्थक आहे. हे इंजिन कधीच एकसंध वस्तू नव्हतं; सुटे भाग अदलाबदल होणं हीच त्याच्या नोकरीची पद्धत होती. फक्त एक फरक पडला. पूर्वी मागे जवळपास ऐंशी भावंडं आणि एक अख्खा कारखाना होता. १९६३ नंतर भावंडं भंगारात गेली आणि कारखान्याची मदत हळूहळू आटली.

रेल्वेच्या जतन करायच्या यादीत ते नव्हतंच. ग्रेस्लींच्या कामाचा नमुना म्हणून वेगाचा विक्रम केलेलं ‘मॅलार्ड’ यादीत होतं, ते पुरे असं ठरलं. लोकवर्गणीतून ३,००० पौंडही जमेनात. तेव्हा ॲलन पेग्लर या उद्योजकाने स्वतःच्या खिशातून रक्कम भरली. लहानपणी वेम्ब्लीच्या प्रदर्शनात त्याने हे इंजिन पाहिलं होतं. हौसेला मोल नाही म्हणतात, पण पेग्लर व्यवहारात कच्चा नव्हता: मुख्य मार्गावर स्वतःची गाडी चालवण्याचा करार त्याने रेल्वेकडून लिहून घेतला. १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेने वाफ बंद केली तरी त्या करारामुळे स्कॉट्समन एकटं धावत राहिलं. पन्हळी उखडल्या जाऊ लागल्या, तर त्याने पाण्यासाठी दुसरं टेंडर जोडलं. रूप मात्र त्याने आपल्या आठवणीतलं केलं. दुहेरी धुराडं गेलं, पंख गेले, सफरचंदी हिरवा रंग आणि ४४७२ परत आले. यंत्र म्हणून इंजिन एक पायरी खाली उतरलं आणि दिसायला देखणं झालं. पेग्लरला तेच हवं होतं, आणि मालक तोच होता.

१९६९ मध्ये तो ते अमेरिकेला घेऊन गेला. ब्रिटिश मालाची जाहिरात करणारी गाडी, पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या सरकारचा पाठिंबा. तिथल्या नियमांप्रमाणे पुढे गुरं बाजूला सारणारी जाळी, घंटा, मोठा दिवा लागला. काही राज्यांत वाफेच्या इंजिनाने आग लागण्याची भीती धरली जायची, त्याचा खर्च वेगळा. १९७० मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने कानावर हात ठेवले. शहाणपण तिथेच परत फिरण्यात होतं. पेग्लर पुढे गेला: मॉन्ट्रियल, टोरंटो, शेवटी सॅन फ्रान्सिस्को. १९७२ मध्ये १,३२,००० पौंडांचं कर्ज अंगावर घेऊन त्याने दिवाळखोरी जाहीर केली आणि प्रवासी जहाजावर आगगाड्यांवर भाषणं देत, त्या बदल्यात तिकीट मिळवून, तो मायदेशी आला. इंजिन कॅलिफोर्नियातल्या लष्करी आगारात पडून राहिलं.

जानेवारी १९७३ मध्ये विल्यम मॅकॲल्पाइन यांनी ते २५,००० पौंडांना सोडवलं आणि पनामा कालव्यातून जहाजाने लिव्हरपूलला आणलं. चौघांतला हिशेब जमलेला मालक तो हाच. कारण सरळ आहे. बांधकामाच्या घराण्यातला माणूस, पैसा मुबलक, रेल्वेची कामं आणि माणसं ओळखीची. आणि इंजिनाने स्वतःचं पोट भरावं अशी अट त्याने घातली नाही. १९८८ मध्ये स्कॉट्समन ऑस्ट्रेलियाच्या द्विशताब्दीला गेलं. आयोजकांना खरं तर मॅलार्ड हवं होतं, ते मिळालं नाही. तिथे ८ ऑगस्ट १९८९ ला पार्क्स ते ब्रोकन हिल हे ६७९ किलोमीटर अंतर त्याने न थांबता कापलं, वाफेच्या इंजिनाचा जागतिक विक्रम. म्हणजे छासष्टाव्या वर्षी स्वतःच्याच १९२८ च्या फेरीला मागे टाकलं. पण पैशाची बाजू इथेही गुळगुळीत नव्हती. १९९३ पर्यंत इंजिनावर गहाणाचं कर्ज होतं, ते फेडायला संगीत-निर्माता पीट वॉटरमन भागीदार झाला, आणि १९९५ मध्ये इंजिन साउथॉलच्या शेडमध्ये सुटं होऊन पडलं होतं.

१९९६ मध्ये जैवतंत्रज्ञानात पैसा कमावलेल्या टोनी मार्चिंग्टन यांनी ते घेतलं, दुरुस्तीवर सुमारे दहा लाख पौंड ओतले आणि १९९९ मध्ये धुमधडाक्यात रुळांवर आणलं. मग कंपनी काढून शेअर विकले. इथे मला दोन गोष्टी खटकतात. एक, जुन्या फ्रेमवर ए-४ चा बॉयलर २५० पौंड दाबाने चालवला गेला. ताकद वाढली, पण ती ताकद झेलणार कोण? ऐंशीकडे झुकलेलं पोलाद. दुसरी, वाफेचं इंजिन नफ्याचा धंदा म्हणून विकणं. वर्षातले मोजकेच दिवस ते धावतं, विमा आणि कोळसा मात्र बारमाही, आणि एखादी नळी फुटली की मोसमभराच्या तिकिटांचे पैसे परत. कंपनी २००३ मध्ये बुडाली.

इंजिन परदेशी जाईल या धास्तीने २००४ मध्ये देश खडबडून जागा झाला. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने २३ लाखांची बोली लावली. त्यात १८ लाख राष्ट्रीय वारसा निधीचे. लोकांनी ३,६५,००० दिले आणि रिचर्ड ब्रॅन्सन यांनी तेवढेच घातले. लिलाव बंद पाकिटातला. चालत्या इंजिनाची फ्रेम उघडून बघता येत नाही. वरून रंग चकाचक, आत काय ते नशीब. २००६ मध्ये ते कार्यशाळेत गेलं तेव्हा काम फार तर दोनएक वर्षांचं धरलं होतं. लागली दहा.

का लागली? फ्रेम म्हणजे इंजिनाच्या लांबीच्या दोन जाड पोलादी पाट्या, त्यांना आडव्या पाट्यांनी बांधलेलं. आसांच्या पेट्या वर-खाली सरकाव्यात म्हणून या पाट्यांना खालून चौकोनी खाचा असतात, आणि प्रत्येक धक्का त्या खाचांच्या कोपऱ्यांवर येतो. भेगा तिथेच सुरू होतात. स्कॉट्समनमध्ये भेगा निघाल्या, पुढचा भाग सरळ रेषेत नाही हे निघालं, आणि हे सगळं एकदम कळलं नाही. २०११ मध्ये काळ्या रंगात त्याचं अनावरणही झालं आणि त्यानंतर आणखी भेगा सापडल्या. जोडलेलं पुन्हा उसवलं. २०१३ पासून पुढचं काम इंग्लंडमधल्या ‘बरी’ नावाच्या गावातल्या एका खासगी कार्यशाळेत झालं. संग्रहालयाने बाहेरच्या सल्लागारांकडून अहवाल करून घेतला आणि तो लोकांसमोर ठेवला, ही दाद देण्यासारखी गोष्ट. घेताना अवस्थेचा अंदाज चुकला आणि कामाची आखणी कच्ची होती, असा त्याचा रोख होता.

माझं मत आणखी थोडं कडक आहे. संग्रहालयाने इंजिन घेतलं त्याच दिवशी त्याला ‘लवकरच धावेल’ असं कबूल करायला नको होतं. वर्गणी देणाऱ्या माणसाला धावतं इंजिन बघायचं असतं हे खरं. पण तारीख जाहीर झाली की फिटर भेग शोधायच्या ऐवजी तारीख गाठायला बघतो. बॉयलरच्या बाबतीत मात्र योग्य निर्णय झाला. ए-४ चा जास्त दाबाचा बॉयलर बाजूला काढून ए-३ चा, २२० पौंडांचा, बसवला. फ्रेमवरचा ताण कमी झाला. हा निर्णय १९९९ मध्येच घेता आला असता.

रंगावरूनही भांडण झालंच. लोकांना सफरचंदी हिरवा हवा होता. संग्रहालयाने गडद हिरवा, ६०१०३, दुहेरी धुराडं आणि पंख ठेवले, म्हणजे निवृत्तीच्या आधीचं रूप. मला ते पटतं. मार्चिंग्टन यांच्या काळात सफरचंदी रंगावर दुहेरी धुराडं आणि पंख असं जे रूप फिरत होतं, ते रेल्वेच्या सेवेत एकही दिवस नव्हतं.

२५ फेब्रुवारी २०१६ ला किंग्ज क्रॉस ते यॉर्क अशी पहिली फेरी झाली. वाटेत गाडी थांबवावी लागली, कारण फोटो काढायला माणसं रुळांवर उतरली होती. त्याच संग्रहालयात मॅलार्डही आहे. ते १९८८ मध्ये शेवटचं धावलं आणि तेव्हापासून छताखाली उभं आहे. त्याची फ्रेम कुणाला उसवावी लागत नाही, आणि त्याला बघायला कुणी रुळांवरही उतरत नाही.

धावत्या इंजिनाचा बॉयलर साधारण दहा वर्षांनी पूर्ण उघडावा लागतो. स्कॉट्समनच्या बाबतीत शंभरीचं वर्ष गाठायचं म्हणून २०२२ मध्येच ते पुन्हा दुरुस्तीला घेतलं. शंभरीच्या फेऱ्या सुरू असताना, २९ सप्टेंबर २०२३ रोजी, स्कॉटलंडमधल्या ॲव्हिमोर स्थानकात ते संथ वेगाने एका उभ्या गाडीच्या डब्यांना जाऊन धडकलं. खबरदारी म्हणून दोघांना रुग्णालयात नेलं. इंजिनही पुन्हा तपासायला घ्यावं लागलं.